सांद्रो, खेळू नकोस

सांद्रो, तुला मराठी येत नव्हतं, म्हणूनच हे मराठीत लिहितोय. जर्मनमध्ये आपलं भांडण कधी धड झालंच नाही. तुझी क्रियापदं चुकायची, माझी डेर-डी-डास ही लिंगं चुकायची, आणि ऐन रंगात आल्यावर दोघांपैकी एकाला नेमका शब्द सापडायचा नाही. मग तू हात हवेत उडवायचास आणि मी 'जाऊ दे, मरू दे' म्हणून उठायचो. हे माझं कोल्हापूरचं बोलणं, त्याला काही अर्थ नसतो. पण शनिवारपासून तोंडात ते शब्द आले की मी गप्प बसतो.

आज मंगळवार. उद्या तुझी आई येणार आहे. माइन्झ शहराच्या बाजूला आइस्क्रीमचं दुकान चालवणारा तुझा मावसभाऊ दुपारी फोनवर म्हणाला, की तिला खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना भेटायचंय. आधी त्यांना, मग बाकीचं. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. ती डॉक्टरीण, माझी बायको वैशाली, समोरच होती. तिनं विचारलं, कशाला भेटायचंय? मला काय माहीत कशाला. तेव्हापासून ती ओट्याशी उभी आहे आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतेय. तिच्या मनात काय चाललंय ते मला पक्कं ठाऊक आहे. तिला वाटतंय, तिच्या तोंडानं तू गेलास.

आमच्याकडे म्हणतात, वास्तुपुरुष घरात बसलेला असतो आणि आपण जे बोलू त्याला तथास्तु म्हणतो. म्हणून घरात वाईट बोलायचं नाही. ही बाई एमडी मेडिसिन आहे, मिरजेत आयसीयू सांभाळलाय तिनं. तरीसुद्धा. तू हसू नकोस, तू तर काळं मांजर दिसलं की रस्ता बदलून एस-बानची लोकल चुकवणारा माणूस.

तू वरच्या मजल्यावर राहायला आलास तो दिवस आठवतो. जिन्यात गादी अडकली होती आणि तू एकटाच तिच्याशी झुंजत होतास. मी खालून धक्का द्यायला लागलो आणि माझं लक्ष तुझ्या पायांकडे गेलं. कोल्हापूरच्या माणसाला मांड्या बघून सेंटर फॉरवर्ड ओळखता येतो. आमच्या गावात पेठेपेठेच्या तालमींच्या टीम असतात, मॅचच्या दिवशी दुकानं अर्धी बंद असतात आणि हरलेल्या पेठेत रात्री जेवण जात नाही. मी 'स्ट्युर्मर?' असं विचारलं. तू गादी सोडून दिलीस. ती माझ्या अंगावर आली आणि तू वरून म्हणालास, 'या, गेनाऊ', म्हणजे हो, अगदी बरोबर. तुझ्या जर्मनचा तो बराच मोठा भाग होता हे मला नंतर कळलं.

मग हिवाळाभर आमच्या स्वयंपाकघरात बसून तू आपली कहाणी सांगितलीस. तुकड्यातुकड्यानं, कधी मागचं आधी, कधी पुढचं नंतर. तुमच्या देशात दक्षिणेकडचं गाव, एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला समुद्र, मधे चेंडू ठेवण्याएवढीच सपाट जागा. मिसरूड फुटायच्या आत उत्तरेतल्या क्लबच्या वसतिगृहात. देशाच्या युवा संघाचा शर्ट. मग खालच्या डिव्हिजनमध्ये गोलांवर गोल, वर्तमानपत्रात फोटो, गावात तुझ्या नावाचं सँडविच. आणि मग वरच्या डिव्हिजनच्या क्लबचं बोलावणं. करार तयार होता, फक्त तपासणी राहिली होती.

त्या तपासणीबद्दल तू एकदाच बोललास. छातीला तारा लावल्या, कागद बाहेर आला, डॉक्टरनं बघितला आणि दुसऱ्या डॉक्टरला हाक मारली. तू म्हणालास, 'दोघंही कागदाकडे बघत होते, माझ्याकडे कुणी बघेना. तेव्हाच कळलं.' हृदयाची भिंत जाड. पळताना केव्हाही थांबू शकतं. उद्या थांबेल, नाहीतर म्हातारपणापर्यंत थांबणार नाही. तुमच्याकडे कायदा कडक. ते प्रमाणपत्र नसेल तर गावच्या टीममध्येसुद्धा पाय ठेवता येत नाही. तुझं वय तेव्हा मुलींच्या मागे फिरायचं होतं आणि तुला सांगितलं, झालं, संपलं.

म्हणून तू जर्मनीत आलास. इथे तेव्हा सही चालत होती. आपल्या जबाबदारीवर खेळतोय असं लिहून दिलं की क्लबनं मान डोलावली. आधी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये दोन-तीन मोसम बरे गेले. मग दम लागायला लागला, मग बाकावर, मग फ्रँकफर्टपासून अर्ध्या तासावरच्या आमच्या या गावात, तिसऱ्या डिव्हिजनच्या टीममध्ये. लाकडी बाकांचं स्टेडियम, पावसात भिजणारे पेन्शनर आणि मी. एवढी घसरण झाली तरी तू एकदाही म्हणाला नाहीस की नशीब फुटकं. तू म्हणायचास, 'आल्झो, तर मग, अजून खेळतोय.'

वैशालीला मात्र तुझ्या हृदयाचं तू सांगायच्या आधीच कळलं होतं. जिन्यात. प्रॅक्टिसवरून येऊन तू पायरीवर बसला होतास, पांढराफटक. ती बाजार घेऊन येत होती. पिशवी खाली ठेवून तिनं तुझं मनगट धरलं. इथे तिच्याकडे अजून आप्रोबात्सिओन नाही, म्हणजे डॉक्टरकी करायचा परवाना नाही. कागद अडकलेत, भाषेची परीक्षा राहिलीय. पण हाताला कुठे माहीत असतं ते? बराच वेळ ती तशीच बसून राहिली. घरात येऊन मला म्हणाली, 'हा मुलगा खेळतो कसा?'

तिनं तुला फ्रँकफर्टच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तू गेलासही. संध्याकाळी खाली आलास ते हसत. 'देश बदलला, डॉक्टर बदलला, वाक्य तेच.' त्यांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की पाय जड होतात म्हणून तू दुसऱ्याच आठवड्यात सोडल्यास. आम्ही कानीकपाळी ओरडत होतो, पण पालथ्या घड्यावर पाणी. तुझं एकच, या मोसमानंतर बघू.

आणि मग ती सवय लागली. गावात मॅच असली की दुपारी निघण्याआधी तू खाली यायचास. बॅग दाराशी ठेवायचास, टेबलाशी बसून हात पुढे करायचास. वैशाली नाडी बघायची. तू काय सापडलं ते विचारायचा नाहीस, ती काय सापडलं ते सांगायची नाही. जेवढं सांगायचं ते सांगून झालं होतं. मग ती तुझ्या तळहातावर चमचाभर दही-साखर घालायची. परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर घालतात ना, तेवढंच. अडवता येत नाही तर निदान गोड तोंडानं जाऊ दे, असा तिचा हिशेब. तू हात चाटून पुसून निघायचास. मला ते बरं वाटायचं, खरंच सांगतो. वाटायचं, चला, आपल्या घरातून चांगला शकुन घेऊन गेला.

विश्वचषकाच्या उन्हाळ्यात तू आमच्याकडेच ठिय्या मारलास. आख्ख्या गावात खिडक्याखिडक्यांतून झेंडे, आणि सेमीफायनलला यजमानांसमोर तुमची टीम. त्यात एक जण तुझ्याबरोबर युवा संघात होता. तुझ्याच जागेवर खेळायचा. तो मैदानात उतरला तेव्हा तू खुर्चीत पुढे सरकलास आणि मग शेवटपर्यंत हललास नाही. जादा वेळेत अगदी शेवटाला तुमचे गोल झाले. बिल्डिंग एकदम गप्प झाली. मी ओरडणार तेवढ्यात तुझ्याकडे बघितलं, तर तुझा हात शर्टाच्या आत छातीवर होता आणि ओठ हलत होते. वैशालीनं टीव्ही बंद केला. तू म्हणालास, 'लाव, लाव, मला बघायचंय ते कसे नाचतात.' आम्ही लावला. तू ते सगळं बघितलंस, मग 'श्योन', छान, म्हणून उठलास आणि जिना सावकाश चढलास, पायरीपायरीला थांबत.

त्या आवाजानं मला राहवेना. प्रत्येक पायरीला थांबणारं पाऊल. दुसऱ्या दिवशीच मी क्लबमध्ये गेलो. ट्रेनर भेटला नाही, पण तुमचा तो म्हातारा मसाजवाला कुर्ट भेटला. त्याला सगळं माहीत होतं. हृदय, सही, गोळ्या, सगळं. मी म्हटलं, मग खेळवता कसं? तो जराही न डगमगता म्हणाला, काळजी करू नका, त्याला प्रत्येक मॅचआधी एक भारतीय डॉक्टर तपासते. नाडी बघते आणि हातावर एक पांढरं औषध देते. त्यानं हृदय शांत राहत असणार. ट्रेनरलाही हे ठाऊक आहे, त्यामुळे सगळे निर्धास्त आहेत.

लेका सांद्रो. दही होतं ते. चार चौकांपलीकडच्या सुपरमार्केटमधलं दही आणि साखर.

तुझ्यावर एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. तुझ्या दारावर मी मुठीनं ठोकलं होतं. तू बनियनवर दार उघडलंस आणि मी वाट्टेल ते बोललो. ज्या बाईला या देशात पाटी लावायची परवानगी नाही, तिला तू तुझं प्रमाणपत्र करून टाकलंस? उद्या काही झालं तर लोक कुणाकडे बोट दाखवतील? तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, की मी औषध म्हणालोच नव्हतो, 'डॉक्टर देते' एवढंच म्हणालो, बाकीचं त्यांनी त्यांच्या मनानं धरलं. म्हटलं, मग तू दुरुस्त का केलं नाहीस? त्यावर तू हात उडवलास. 'कारण त्यानंतर त्यांनी मला खेळवलं.' मी खाली आलो आणि वैशालीला सगळं सांगितलं.

वैशालीनं मात्र शांतपणे ऐकून घेतलं. आधी ती कुर्टकडे गेली आणि ते दही होतं, औषध नव्हतं, मी त्याला खेळायची परवानगी दिलेली नाही आणि देणारही नाही, हे तिनं त्याला तिच्या परीक्षेच्या शुद्ध जर्मनमध्ये ऐकवलं. कुर्ट म्हणाला, बरं, सांगतो वर. त्यांनी तुला परत एक सही करायला लावली. बस, एवढंच झालं. मग ती मला म्हणाली, 'तो आला तर मी दार लावणार नाही. पण आता गोड तोंड नाही. आता तोंडावर सांगणार.'

नव्या मोसमातल्या पहिल्या मॅचला तू येशील असं मला वाटलं नव्हतं. आलास. थोडा ओशाळून, पण आलास. हात पुढे केलास. वैशालीनं नाडी बघितली, हात सोडला आणि म्हणाली, 'सांद्रो, खेळू नकोस. मरशील.' आमच्यात असं बोलत नाहीत, निघालेल्या माणसाला तर नाहीच नाही. मी तिला मराठीत म्हटलं, अगं शुभ बोल. ती म्हणाली, शुभ बोलून झालं वर्षभर. तू चटकन खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढलास आणि त्याला हात लावलास. तुमच्याकडे वाईट ऐकलं की लोखंडाला हात लावतात ना. मग बॅग उचलून गेलास. त्या दिवशी तू गोल केलास आणि धडधाकट परत आलास. मला वाटलं, वास्तुपुरुष झोपला होता.

पुढच्या वेळी पुन्हा तेच. नाडी, 'खेळू नकोस, मरशील', किल्ल्या, बॅग. तिचा नन्नाचा पाढा चुकला नाही आणि तुझं येणं चुकलं नाही. मला उमजेना, तू येतोस कशाला? दही नाही, कौतुक नाही, वर असलं अभद्र ऐकून घ्यायचं. मी एकदा विचारलंही. तू म्हणालास, 'कॉफी चांगली असते.' तुला मॅचआधी कॉफी दिलीच नव्हती कधी आम्ही.

दरम्यान तू उतरत चालला होतास. जिन्यात जास्तच थांबायला लागलास, मधेच हसणं तोडायला लागलास. वर तुझ्या पावलांचा आवाज बराच वेळ आला नाही की वैशाली काम थांबवून छताकडे बघायची. आवाज आला की पुन्हा कामाला लागायची. घरात एक ऐकत राहायचं काम वाढलं होतं, बस. आणि तू म्हणत होतास, या मोसमानंतर नक्की, मावसभाऊ दुकानात घेतोय, पिस्ता माझ्याकडे.

शनिवारी तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ मनगट धरून ठेवलं. 'सांद्रो, आज तरी नको. मरशील.' तू किल्ल्यांना हात लावलास. जाताना दारात वळून तिला म्हणालास, 'डांके.' आभार तू पहिल्यांदाच मानलेस. तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

मी नेहमीच्या बाकावर होतो. दुसरा हाफ सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. चेंडू पलीकडच्या बाजूला होता, तुझ्याजवळ कुणी नव्हतं. तू चालत जागेवर येत होतास, मोजे वर ओढायला वाकलास आणि तसाच तोंडावर पडलास. कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय घातला नाही. खेळ थोडा वेळ चालूच राहिला, कारण कुणाचं लक्षच नव्हतं. आधी माझं गेलं असावं, कारण ओरडणारा मी एकटाच होतो, आणि मराठीत ओरडत होतो. कुर्ट धावत आला. तो म्हातारा एवढा पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्यानं दाबलं, फुंकलं, अँब्युलन्स आली, त्यांनीही केलं. वैशालीला फोन लावला तर तिनं उचलल्या उचलल्या विचारलं, 'पडला?' मी हो म्हणालो.

त्या दिवसापासून तिनं माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलंय. काल एवढंच म्हणाली, मी दर वेळी तेच बोलत होते. दर वेळी. मी म्हटलं, अगं, भिंत जाड होती, तू सांगितल्यानं झाली नाही. तिनं मान हलवली. डॉक्टर म्हणून तिला ते पटतं. पण उद्या त्या आईसमोर काय डॉक्टर म्हणून उभी राहणार आहे?

इथपर्यंत मंगळवारी लिहिलं होतं. आता गुरुवार आहे.

तुझी आई काल आली. तू सांगितलं होतंस त्यापेक्षा बुटकी आहे. मावसभाऊ बरोबर होता, तो तिचं जर्मन करून सांगत होता. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. डॉक्टर कोण, म्हणाली. वैशाली पुढे झाली आणि कुणी काही विचारायच्या आत बोलून गेली, की तुमचा मुलगा खेळायला निघाला की मी त्याला तोंडावर 'मरशील' म्हणायचे. मावसभाऊ घुटमळला. तुझ्या आईनं त्याला दटावलं, तेव्हा त्यानं सांगितलं.



तुझी आई म्हणाली, मला माहीत आहे. तू दर मॅचआधी तिला मैदानावरून फोन करायचास म्हणे. सांगायचास, आई, खालच्या बाई नको म्हणाल्या, ऐकून आलो, आता खेळतो. त्यावर ती तुला लोखंडाला हात लाव म्हणायची आणि विषय बदलायची. ज्या दिवशी तुमच्याकडच्या डॉक्टरनं तुला नकार दिला, त्या दिवशी त्यानं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हा पोरगा कायद्याला बगल देईल, पण तुमचं ऐकेल, तुम्ही सांगा. 'मी सांगितलं नाही,' ती म्हणाली. 'मला वाटायचं, बोलले तर खरं होईल. मी एकदाही त्याला नको म्हटलं नाही. तो तुमच्याकडे ते ऐकायला यायचा.'

मग ती खुर्चीत बसली. समोर वैशालीला बसवलं. तू बसायचास त्याच बाजूला बसली, पण तिला ते ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, नेमकं कसं म्हणायचात? शब्द काय असायचे? मावसभावानं ते जर्मनमध्ये केलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

वैशालीनं सांगितलं. सांद्रो, खेळू नकोस. पुढचा शब्द तिनं उच्चारला नाही आणि तुझ्या आईनं मागितला नाही.

तुझ्या आईनं ते एकदा ओठातल्या ओठात म्हणून बघितलं. मग पदर नसलेल्या बायका करतात तसं तोंडावरून हात फिरवला आणि मोठ्यानं, तुमच्या गावच्या बोलीत, वाढायला घेतल्यावर पोराला हाक मारावी त्या आवाजात म्हणाली, सांद्रो, खेळू नकोस. आणि उत्तराची वाट बघत बसली.